नवी दणकट फोर बाय फोर गाडी घडवायची झाली, तर कारखान्यातूनच काय यावे?

पाणंदवाला (भोर) : प्रश्न

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात नीरा देवघरच्या जलाशयाजवळ आमची भातशेती आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर शेतापर्यंत दीड किलोमीटरची पाणंद आहे. तिच्यात दोन ओढे आणि एक शेवाळलेली खडकाळ चढण लागते, आणि आषाढ-श्रावणात चाकाचा निम्मा भाग बुडेल इतका चिखल असतो. गेली अनेक वर्षे खत, बियाणे, लावणीला येणारी माणसे आणि प्रसंगी आजारी माणूससुद्धा माझ्या जुन्या मारुती जिप्सीने सुखरूप पोहोचवला. आता तिच्या चॅसिसला गंज लागला आहे आणि हे मॉडेल बंद झाल्यामुळे चांगले सुटे भाग मिळवणेही दिवसेंदिवस जिकिरीचे होत चालले आहे.

नवी गाडी पाहायला दोन-तीन दालनांत जाऊन आलो. पडदा किती इंचांचा, सनरूफ कसे उघडते, दिव्यांचे रंग किती हे सगळे मला आपुलकीने समजावून सांगण्यात आले. परंतु मागच्या डिफरेंशियलला (दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या संचाला) लॉक, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, आहे का आणि गाडी अडकली तर दोर नेमका कुठे बांधायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी तर कोणालाच देता आली नाहीत. तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. सीटची कव्हरे, स्पीकर, छतावरचा कॅरिअर हे नंतर बसवता येते, त्यामुळे कंपनीने ते दिले नाही तरी माझे काही अडत नाही. मात्र जे नंतर बसवता येत नाही, किंवा बसवले तर धड बसत नाही, ते कारखान्यातूनच आले पाहिजे. आपल्यासारख्या रोज चिखलात गाडी घालणाऱ्या लोकांना विचारून एखाद्या कंपनीने नवी गाडी घडवायला घेतली, तर आपण काय मागाल? कारणांसह लिहावे, ही विनंती.

सह्यकडा (पुणे)

दादा, माझी पहिली मागणी लो रेंजची, म्हणजे गाडी सावकाश पण जास्त जोराने चालवणाऱ्या गिअरांची, आणि दुसरी मागच्या डिफरेंशियलच्या खऱ्या, यांत्रिक लॉकची. या दोन गोष्टी नसतील, तर बाकीची यादी मी वाचणारही नाही.

साधे डिफरेंशियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि ज्या चाकाची पकड कमी, त्याला पेलेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. त्यामुळे खडकावर एक चाक अधांतरी झाले की ते गरगर फिरत राहते आणि जमिनीवर घट्ट टेकलेले दुसरे चाक जागचे हलत नाही. यावर आजकाल अनेक गाड्यांत ब्रेकचा उपाय केलेला असतो, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला गाडी आपणहून ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या बाजूला वळतो. मारुतीच्या जिम्नीत हीच पद्धत आहे आणि कोरड्या खडकावर ती उत्तम चालते. अडचण चिखलात येते, कारण ब्रेक लागण्याआधी चाक थोडेतरी फिरावे लागते आणि चिखलात चाक फिरले की खाली जाते.

गेल्या जुलैत मुळशीकडे एका मित्राच्या शेतावर जाताना हे अगदी जवळून पाहिले. पुढच्या गाडीला ब्रेकवर चालणारी व्यवस्था होती. चढणीवर तिचे मागचे चाक अर्धा फेरा फिरे, थांबे, गाडी वीतभर सरके आणि पुन्हा फिरे. तिसऱ्या प्रयत्नात टायरच्या खाचा लाल मातीने लिंपून गुळगुळीत झाल्या आणि ॲक्सलचा गोळा दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकला. मागून आलेल्या गाडीच्या चालकाने चढणीच्या आधीच लॉक लावला, लो रेंजचा पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून ती गाडी वर नेली. टायर दोन्हींचे सारखेच होते.

फोर्सच्या गुरखात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरेंशियलना चालकाने स्वतः लावायचे लॉक मिळतात आणि माझ्या मते हीच पद्धत सर्वांत चांगली. महिंद्राच्या थारच्या काही प्रतींत चाकांच्या गतीत ठरावीक फरक पडला की आपोआप लागणारा यांत्रिक लॉक आहे. तोही कामाचा आहे, पण अडथळा डोळ्यांनी दिसत असताना चाक फिरण्याची वाट कशाला पाहायची? नव्या गाडीत निदान मागचा लॉक चालकाच्या हातात असावा, आणि तो सर्वांत महागड्या प्रतीपुरता राखून ठेवू नये.

ग्रीसगन (सातारा)

सह्यकडा यांच्याशी मी सहमत आहे, पण माझी मागणी गाडीच्या पोटाखालची आहे. माझे गॅरेज आहे आणि पावसाळा संपता संपता जी कामे येतात, त्यांवरून लिहितो.

पाण्यात किती खोल जाता येईल याचे आकडे सगळे वाचतात. थारला ६५० मिलिमीटर आणि गुरखाला ७०० मिलिमीटर सांगितलेले आहेत. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून स्नॉर्केलची, म्हणजे हवा उंचावरून घेणाऱ्या नळीची, चौकशीही होते. ॲक्सलच्या ब्रीदरबद्दल, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणाऱ्या छोट्या तोंडाबद्दल, मात्र दहा वर्षांत मला फार तर चार ग्राहकांनी विचारले असेल. चालून चालून डिफरेंशियल गरम होते आणि आतली हवा फुगून ब्रीदरवाटे बाहेर पडते. तशीच गरम गाडी ओढ्याच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत खेचते. ब्रीदरचे तोंड पाण्याखाली असेल किंवा मातीने बुजलेले असेल, तर तिथून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत शिरते. ऑक्टोबरात मी ड्रेनचा बोल्ट काढतो, तेव्हा सोनेरी तेलाऐवजी दूध घातलेल्या चहासारखे पाणी बाहेर पडते आणि बोल्टच्या चुंबकाला पोलादाचा बारीक चुरा चिकटलेला असतो. तोपर्यंत बेअरिंग गेलेले असते. ब्रीदरची नळी इंजिनाच्या वरच्या पातळीपर्यंत नेऊन सोडली, तर हे सगळे टळते. कंपनीला हे काम अगदी थोड्या खर्चाचे आहे आणि गिऱ्हाइकाची मोठी दुरुस्ती वाचते.

दुसरी गोष्ट ओढण्याच्या हुकांची. पुढे दोन आणि मागे दोन हुक असावेत, ते थेट चॅसिसला बोल्टने जोडलेले असावेत आणि त्यांवर सुरक्षित भार किती हे कोरलेले असावे. बंपरमधल्या झाकणामागे स्क्रूने फिरवून बसवायचा जो डोळा मिळतो, तो सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी असतो. चिखलात पोटावर बसलेली गाडी त्याने ओढू नये. तो तुटून गोळीसारखा उडतो आणि माणूस दगावू शकतो.

डिझेल गाडी असेल, तर बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषांनंतर आलेल्या काजळीच्या फिल्टरचाही विचार व्हावा. साठलेली काजळी जाळण्यासाठी एग्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो, आणि ते हमरस्त्यावर सलग चालल्यावर घडते. शेत ते गाव, गाव ते शेत अशी लो रेंजमध्ये रखडणारी गाडी तितकी तापतच नाही. मग दिवा लागतो, जोर कमी होतो आणि गिऱ्हाईक घाबरून फोन करते. फिल्टर किती भरला आहे हे दाखवणारा काटा आणि गाडी उभी करून काजळी जाळण्याचे बटण, हे दोन्ही चालकाला मिळायला हवे.

एक मतभेद मात्र नोंदवतो. लॉक, जाड पत्रे, मोठी चाके असे करत करत गाडी जड होत जाते आणि चिखलात वजनच शत्रू ठरते. जिम्नी सुमारे १२०० किलोची आहे आणि म्हणूनच लॉक नसतानाही ती अशा ठिकाणांहून निघते, जिथे दोन टनांची गाडी लॉक लावूनही बुडते. जिप्सीचे सारे यशही हलकेपणातच होते. पाणंदीसाठी मला हलकी गाडी आणि एक लॉक एवढे पुरे वाटते.

वाटसरू (नाशिक)

मी शेतात गाडी घालत नाही, पण दरवर्षी लांबच्या आणि वाईट रस्त्यांवर जाते. दोन वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन मनालीहून कुंझुम खिंडीतून काझाला गेले, त्या अनुभवावरून थोडे लिहिते.

दणकट गाडी म्हणजे माणसांना त्रास देणारी गाडी, असा एक समज आपल्याकडे उगाच रुजला आहे. त्या प्रवासात वडिलांचे गुडघे दुखले ते खड्ड्यांमुळे नव्हे, तर उंच गाडीत चढताना पाय ठेवायला पायरी आणि धरायला हँडल नसल्यामुळे. मागच्या प्रत्येक सीटचे तोंड पुढे असावे आणि तिला खांद्यावरून येणारा पट्टा असावा. आडव्या बाकांवर माणसे बसवून घाट उतरण्याचे दिवस आता संपले पाहिजेत. सुरक्षिततेचे म्हणाल, तर हे जमते हे सिद्ध झालेले आहे. २०२० मध्ये थारला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत चार तारे मिळाले आणि २०२४ मध्ये थार रॉक्सला भारत एनकॅपचे पाच. शिडीच्या चॅसिसवरची गाडी सुरक्षित करता येत नाही, हे म्हणणे आता कोणी ऐकून घेऊ नये. या गाड्या आमच्या नाशिकमध्ये तयार होतात, याचा मला अभिमानही आहे.

टाकी मोठी हवी. जिम्नीची टाकी ४० लिटरची आहे, आणि पंप मोजके असलेल्या मुलखात चढणीवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालताना काट्याकडे सारखे लक्ष जाते. थारची ५७ लिटरची आहे आणि तेवढी तरी असावीच.

आणखी एक मुद्दा किमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत येते, त्यापलीकडच्या गाड्यांना ४० टक्के लागतो. थारमध्ये २०२३ साली आलेले १.५ लिटरचे डिझेल इंजिन याच मर्यादेत बसते, पण ते आले ते केवळ मागच्या चाकांना जोर देणारे. चार मीटरच्या आत, दीड लिटर डिझेल आणि सोबत लो रेंजसह फोर बाय फोर, अशी गाडी कोणी दिली, तर पाणंदवाला यांच्यासारख्या शेतकऱ्याला ती परवडेल. माझ्या दृष्टीने या चर्चेतली सर्वांत मोठी मागणी हीच आहे.

आरसीबुक (ठाणे)

प्रश्नकर्त्यांनी जी विभागणी केली आहे, तिला कायद्याचाही आधार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. बंपरपुढे लावल्या जाणाऱ्या धातूच्या दांड्यांच्या चौकटीविरुद्ध, म्हणजे बुलबारविरुद्ध, केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. म्हणून कंपनीनेच मोठ्या खाचांचे टायर, पोटाखालचे संरक्षक पत्रे, विंचसाठी (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रासाठी) जागा असलेला स्टीलचा बंपर आणि स्नॉर्केल यांचा एक मंजूर संच द्यावा, जो गाडी घेतानाच निवडता येईल आणि गाडीच्या मंजुरीच्या कागदपत्रांतच समाविष्ट असेल. म्हणजे आरटीओत किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी वाद उरणार नाही.

पाणंदवाला (भोर)

सर्वांचे मनापासून आभार. ग्रीसगन दादांचे वाचून लगेच जिप्सीखाली शिरलो. मागच्या ॲक्सलचा ब्रीदर मातीने पूर्ण बुजलेला निघाला. तारेने साफ केला आणि उद्या तेल तपासून घेतो.

लॉकविषयी सह्यकडा यांनी लिहिले, त्यात माझ्याकडून एक भर घालतो. पाणंद एकट्या माझी नाही. त्याच वाटेने शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर जातात, दोन घरांच्या बैलगाड्या जातात आणि मुले शाळेला जातात. माझे चाक एका जागी गरगरले की तिथे हातभर खोल खड्डा पडतो, त्यात पाणी साठते आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी बैल त्यात गुडघे टेकतो. गेल्या वर्षी असा एक खड्डा मी स्वतः तीन पाट्या मुरूम टाकून बुजवला. चाक न फिरता सावकाश चढून जाणारी गाडी मला हवी आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

वजनाबाबत ग्रीसगन दादांचे म्हणणे मला पटते. वाटसरू ताईंनी सांगितलेली चार मीटरच्या आतली दीड लिटर डिझेल गाडी, तिला लो रेंज, मागचा हाताने लावायचा लॉक, उंचावर नेलेले ब्रीदर, चॅसिसला जोडलेले चार हुक, आणि अलॉयऐवजी लोखंडी रिम, जी दगडावर वाकली तर गावातल्या गावात घणाने सरळ करता येते. पायरी आणि हँडल मी विसरलो होतो. आईला आता जिप्सीत चढताना मी हात देतो, तेव्हा तेही यादीत घातले. एवढे लिहून मी दोन कंपन्यांच्या ग्राहक विभागांना मराठीत आणि इंग्रजीत पत्र पाठवणार आहे. पत्रात पाणंदीतल्या चढणीचा कोन आणि ओढ्याची खोली मोजून द्यायची आहे. लावणी सुरू होण्याआधी कोणाला भोरला येणे जमणार असेल, तर टेप आणि कोन मोजायचे साधन घेऊन यावे, जेवण आमच्याकडे.

ग्रीसगन (सातारा)

रविवारी सकाळी निघतो. डिफरेंशियलचे तेल तोवर काढू नका. दोन डबे नवे तेल आणि ब्रीदरसाठी तीन मीटर रबरी नळी घेऊन येतो, तुमच्या जिप्सीलाच आधी बसवू.