घरातल्या जुन्या रेकॉर्डिंगसाठी कायम चालू राहणारा छोटा संगणक: एन१०० मिनी पीसी, रास्पबेरी पाय ५ की नॅस?

नमस्कार मंडळी,

आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या कॅसेट्स आणि घरातल्या लग्नामुंजींच्या मिनी डीव्ही (कॅमकॉर्डरच्या) टेप्स संगणकावर उतरवून घेण्याचं काम संपत आलंय. ९० मिनिटांची कॅसेट वेव्हमध्ये (न दाबलेला ऑडिओ) साधारण ९५० एमबी होते, फ्लॅक (दर्जा न घालवता दाबलेला ऑडिओ) केली की बरीच आटोपते. डीव्ही मात्र तासाला १३ जीबी खातं. फोटो धरून सगळं ३ टीबीत बसेल. काही टेप्सना बुरशी लागलीय, त्यामुळे हे परत उतरवता येणार नाही. म्हणून एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) असलेला मिनी पीसी, रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) की नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी), ही निवड नीट व्हावी असं मनापासून वाटतं.

आईला हॉलमधल्या टीव्हीवर रिमोटनेच कीर्तन लावता आलं पाहिजे, ही मुख्य अट. त्यासाठी जेलीफिन (साठवलेले ऑडिओ-व्हिडिओ टीव्हीवर लावू देणारं सॉफ्टवेअर) टाकणार आहे. बहीण पुण्यात असते, तिलाही ऐकायचंय. आमच्या ब्रॉडबँडला पब्लिक आयपी (बाहेरून थेट जोडता येईल असा इंटरनेट पत्ता) नाही, तेव्हा तिच्यासाठी टेलस्केल (दूरची उपकरणं खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर).

घरातला अँड्रॉइड टॅबलेट वापर, असं एका मित्राने सुचवलं. पण त्याला एकच यूएसबी पोर्ट आहे, आणि कायम चार्जिंगला ठेवून बॅटरी फुगण्याची भीती. जुना डेस्कटॉप ६० वॉट घेतो, म्हणजे चोवीस तास चालवला तर महिन्याला ४३ युनिट. दोन्ही बाद.

खरा घोळ पुढे आहे. टीव्ही डीव्ही फाइल वाजवत नाही, म्हणजे बघताना ती तिथल्या तिथे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावी लागणार. पाय ५ मध्ये त्यासाठीचा हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ बदलणारा खास भाग) नाही, एन१०० मध्ये क्विक सिंक हा तसा भाग आहे, म्हणून मन मिनी पीसीकडे झुकतंय. पण मूळ फाइल्स तशाच जपून, बघण्यासाठी डीइंटरलेस केलेली (जुन्या व्हिडिओतल्या आडव्या रेघा काढलेली) एच.२६४ (टीव्हीला चालणारा व्हिडिओ प्रकार) प्रत एकदाच बनवून ठेवली, तर पाय ५ पुरेल ना? असं कोणी वापरतंय का?

नॅसबद्दलही विचारायचंय. दोन डिस्कचं रेड १ (दोन्ही डिस्कवर कायम तंतोतंत तीच माहिती) घेतलं तरी चुकून डिलीट झालेली फाइल दोन्हीकडून जाणार. मग त्याच पैशांत एक डिस्क इथे आणि दुसरी बहिणीकडे ठेवणं जास्त शहाणपणाचं नाही का? मला तरी तसंच वाटतं.

आणि आमच्याकडे वीज वारंवार जाते. साडेतीन इंची यूएसबी डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, तो आणि मिनी पीसी दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: वीज गेल्यावर संगणक आपोआप नीट बंद व्हावा, यासाठी कोणत्या प्रकारचा यूपीएस घेतलात?