मदत हवी आहे: न वापरलेली माउंटन बाइक विकायची आहे, फ्रेमचा साइज कसा ठरवू?

एक माउंटन बाइक विकायची आहे. अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क, मागे काही नाही. पुढे एकच चेनरिंग, मागे १२ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि बटण दाबून खालीवर होणारा ड्रॉपर सीटपोस्ट. घेतल्यापासून जवळजवळ उभीच आहे. बिल आणि पुस्तिका मिळत नाहीत. सीट ट्यूबवरचा (सीटखालच्या उभ्या नळीवरचा) साइजचा स्टिकर सुटून गेलाय, डिंकाचा डाग तेवढा उरलाय.

चौकशी करणारा प्रत्येक जण आधी साइजच विचारतो. टायरवर २९ × २.३ लिहिलंय, ते सांगितलं की "ते चाकाचं झालं, फ्रेमचं सांगा" असं उत्तर येतं. क्रँकच्या (पेडल ज्याला लागतं त्या दांड्याच्या) बोल्टपासून सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावली तर ४३.५ सेंमी भरले. २.५४ ने भागलं की १७ इंचांपेक्षा किंचित जास्त. तक्त्यांमध्ये १७ इंच म्हणजे मीडियम. पण १८० सेंमी उंचीच्या माणसाला ही सायकल अजिबात लहान वाटत नाही.

मग मीडियम लिहावं का? शिवाय, सायकल वापरलेली नाही हे समोरच्याला कशावरून पटेल, आणि विकण्याआधी काय काय करून घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मीडियम एवढ्यात लिहू नका. चाकाचं तुम्हाला कळलंच आहे, पण पुष्कळ जाहिरातींत ही गल्लत असते म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. २६, २७.५ आणि २९ ही चाकाची मापं. टायरच्या कडेला ५८-६२२ अशी जोडी असेल तर ६२२ म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. २७.५ साठी तो ५८४ आणि २६ साठी ५५९ असतो. जाहिरातीत चाक आणि फ्रेम दोन वेगळ्या ओळींत लिहा.

आता तुमचं ४३.५. क्रँकचा बोल्ट फ्रेमच्या मध्यरेषेपासून सहासात सेंमी बाहेर असतो. तिथून सीट ट्यूबच्या टोकाला टेप लावली की ती तिरकी जाते आणि माप साधारण अर्धा सेंमी जास्त येतं. एक सरळ पट्टी सीट ट्यूबला समांतर धरा. खालचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस जिथून जातो त्या आडव्या नळीच्या) मध्याच्या समोर आणा, वरचं टोक नळीच्या कडेशी. सीटपोस्ट आवळणारी क्लॅम्पची कडी मोजायची नाही, तिच्याखालची नळी जिथे संपते तिथपर्यंतच. माझ्या अंदाजाने ४३ येईल.

हे झालं मध्यापासून टोकापर्यंतचं माप. काही जुन्या कंपन्या मध्यापासून टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या नळीच्या) मध्यापर्यंत मोजत, त्यामुळे एकच फ्रेम दोन तक्त्यांत दोन साइजची दिसू शकते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मुख्य मुद्दा पुढे आहे. ड्रॉपर सीटपोस्ट असलेल्या सायकलीत सीट ट्यूबवरून साइज ठरवताच येत नाही. ड्रॉपरला खाली जायला भरपूर जागा हवी, म्हणून ती नळी मुद्दाम आखूड ठेवतात. आजच्या लार्ज फ्रेममध्येही ती ४३-४४ सेंमी असू शकते. इंचांचे ते तक्ते २६ इंची चाकांच्या काळातले आहेत. तेव्हा नळीच्या उंचीबरोबर फ्रेमची लांबीही ठरल्यासारखी वाढत असे, त्यामुळे एका आकड्यावर काम भागायचं.

सायकल अंगाला बसते की नाही हे लांबीवर ठरतं. ती मोजायला भिंत, टेप आणि ओळंबा पुरतो. सपाट फरशी घ्या, दोन्ही टायरांत हवा भरा (एकात कमी असेल तर सगळी फ्रेम झुकते), आणि मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल काटकोनात सरळ उभी करा. पुढचं चाक सरळ, वर कोणी बसलेलं नाही. मग चार मापं घ्या: भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, भिंतीपासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या, फोर्क ज्यातून जातो त्या आखूड नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, आणि त्याच दोन बिंदूंची जमिनीपासूनची उंची. आडवी मापं घेताना त्या बिंदूतून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा आणि खूण ते भिंत मोजा. टेप हवेत धरून मोजलं तर एकदोन सेंमी सहज चुकतात.

दोन आडव्या मापांतला फरक म्हणजे रीच. दोन उंचींतला फरक म्हणजे स्टॅक. हेड ट्यूब म्हणजे फक्त फ्रेमची नळी. तिच्यावरच्या हेडसेटच्या टोपीची, स्पेसरची आणि स्टेमची (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याची) उंची धरू नका.

आणखी एक माप घ्या: हेड ट्यूबच्या वरच्या मध्यापासून मागे आडवी, जमिनीला समांतर रेघ सीटपोस्टच्या मध्यापर्यंत. याला इफेक्टिव्ह टॉप ट्यूब म्हणतात. उतरत्या नळीवरून टेप नेऊ नका, ते माप वेगळं येतं.

प्रश्नकर्त्याकडून

धन्यवाद. पट्टीने सीट ट्यूब ४३ आली. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेट ८०, हेड ट्यूब १२६.५. उंची अनुक्रमे ३१ आणि ९४. आडवी टॉप ट्यूब ६३. सगळी सेंमीमध्ये.

प्रतिसाद २

म्हणजे रीच ४६.५ आणि स्टॅक ६३. ही लार्ज आहे. या घडणीच्या हार्डटेलमध्ये मीडियमचा रीच साधारण ४३ ते ४५.५ च्या आसपास आणि लार्जचा ४६ ते ४८ च्या आसपास असतो. जुन्या १७ इंची फ्रेमची आडवी टॉप ट्यूब ५८ च्या जवळपास असे, तुमची ६३ आहे. पाच सेंमीचा फरक स्टेम बदलून भरून निघत नाही, कारण अशा सायकलींवर स्टेम मुळातच ३.५ ते ५ सेंमीचा असतो.

पक्कं करायचं असेल तर फ्रेमवरचं मॉडेलचं नाव घ्या, वर्ष माहीत असेल तर तेही, आणि कंपनीचा त्या वर्षाचा मापांचा तक्ता काढा. तुमचा रीच आणि सीट ट्यूब ज्या रकान्यात एकत्र जुळतील तो साइज. एकच आकडा जुळला तर समाधान मानू नका. बॉटम ब्रॅकेटच्या खाली सिरियल नंबर कोरलेला असतो. विक्रेत्याला किंवा कंपनीला तो कळवला तर काही वेळा मॉडेल, वर्ष आणि साइज तिन्ही मिळतात. पूर्ण नंबर जाहिरातीत टाकू नका, पण प्रत्यक्ष पाहायला येणाऱ्याला जरूर दाखवा. चोरीची सायकल नाही ना हे तपासायला तो त्याच्या कामाचा असतो.

प्रतिसाद ३

लार्जच लिहा, पण १७ इंचही लिहावं असं मला वाटतं. कित्येक लोक इंचांतच शोधतात.

प्रतिसाद २

"साइज १७ इंच" लिहिलं तर १६८ ते १७८ सेंमी उंचीचे लोक येतील आणि बसून पाहिल्यावर परत जातील. ज्याला ती खरोखर बसेल तो १८२ सेंमीचा माणूस जाहिरात उघडणारही नाही. त्यापेक्षा "साइज लार्ज, सीट ट्यूब ४३ सेंमी, रीच ४६.५, आडवी टॉप ट्यूब ६३, चाक २९" असं लिहा. शोधणाऱ्याला आकडा मिळतो आणि दिशाभूल होत नाही. उंची साधारण १७८ ते १८८ म्हणा.

स्टँडओव्हरही द्या: टॉप ट्यूबच्या मधोमध वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची. घेणाऱ्याने अनवाणी भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये पुस्तक वर घट्ट धरून जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यावं. ते स्टँडओव्हरपेक्षा निदान ५ सेंमी जास्त हवं. दूरच्या ग्राहकाला एवढ्यावर घरबसल्या ठरवता येतं.

प्रतिसाद ४

न वापरलेली आहे हे पटवण्याबद्दल. "एकदम नवी" हे शब्द सगळेच लिहितात, त्यापेक्षा जवळून काढलेले फोटो बोलतात. टायरच्या मधल्या गोट्यांच्या कडा तीक्ष्ण दिसल्या पाहिजेत. बाजूची रबराची केसं थोडीफार चाललेल्या टायरवरही टिकतात, ती पुरावा नाही. डिस्कच्या रोटरवर पॅड घासल्याचा चकचकीत पट्टा पडलेला नसावा. फोर्कच्या आतल्या नळ्यांवर ओरखडे नसावेत. आणि चेन मोजा: स्टीलच्या पट्टीने एका पिनच्या मध्यापासून १२ पूर्ण कड्या पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. ३०६.३ च्या पुढे गेली म्हणजे अर्धा टक्का झिजली. पट्टीसकट चेनचा फोटो टाका, ती फसवत नाही.

पूर्ण सायकलीचा फोटो उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूने, क्रँक आडवा ठेवून काढा. मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक असतो, तोही घ्या. एखादा ओरखडा असेल तर त्याचा फोटो स्वतःहून द्या. बिल शोधाच, कारण बऱ्याच कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते आणि ग्राहक ते विचारणार.

उभ्या सायकलीचंही बिघडतं, हे मात्र धरून चाला. हवा गेलेल्या टायरवर ती महिनोन्महिने उभी राहिली की टायरच्या भिंतीला घडी पडून चिरा जातात. हवा भरून रात्रभर ठेवा, मगच हलवा. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकून त्याचे पापुद्रे होतात, ते काढून नवीन भरावं लागतं. फोर्क हवेचा असेल तर शॉक पंपानेच भरा. आतली जागा कमी आणि दाब जास्त, साध्या पंपाने अंदाज लागत नाही. वजनाप्रमाणे दाबाचा तक्ता बहुधा फोर्कच्या पायावर चिकटवलेला असतो. सील कोरडे पडतात, म्हणून एक रात्र सायकल उलटी ठेवा, आतलं तेल फोमच्या कड्यांपर्यंत पोचतं. पण उलटी ठेवल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबू नका, हवेचा बुडबुडा नळीत शिरू शकतो. सरळ केल्यावर थोडा वेळ थांबा, मग दाबून पाहा. लिव्हर पोकळ लागला तर ब्लीड करून, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून घ्या. ब्रेकमध्ये भरायचं मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड एकमेकांच्या जागी चालत नाहीत, चुकीचं भरलं की सील फुगतात. कोणतं लागतं ते लिव्हरच्या टाकीवर लिहिलेलं असतं.

प्रश्नकर्त्याकडून

एक ग्राहक लांबचा आहे. खोक्यात घालून पाठवायची तर काय सांभाळायचं?

प्रतिसाद १

पेडल आधी काढा. डावीकडचा आटा उलटा असतो. दोन्हींसाठी एकच खूण: पाना उभा धरून त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की पेडल सुटतं. बहुतेक पेडलांना १५ चा पाना किंवा मागून ६ वा ८ ची अ‍ॅलन की लागते.

पुढचं चाक काढल्यावर कॅलिपरच्या (डिस्कला धरणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या) पॅडमध्ये लगेच प्लास्टिकची पट्टी किंवा घडी घातलेला पुठ्ठा सरकवा. मध्ये काही नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि चाक परत बसत नाही. फोर्कच्या दोन पायांमध्ये अ‍ॅक्सल परत लावा, नाहीतर वरून वजन पडलं की पाय आत दबतात. मागचा डिरेलर हँगरवरून (तो ज्यावर बसतो त्या फ्रेमच्या छोट्या तुकड्यावरून) सोडून, कापडात गुंडाळून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) आतून बांधा. खोक्यात सगळ्यात आधी हँगरच वाकतो. मागचं चाक राहू द्या. रोटर खोक्याच्या भिंतीला टेकणार नाही असा ठेवा आणि त्याला तेलकट हात लावू नका. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

हँडल स्टेमपासून सोडून टॉप ट्यूबला बांधा. स्टेमच्या चार बोल्टवर ५ किंवा ६ न्यूटन मीटर असा आकडा असतो, त्याचा फोटो ग्राहकाला पाठवा आणि बोल्ट आडवेतिडवे, थोडे थोडे करत आवळायला सांगा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर फेसप्लेट (हँडल दाबून धरणारी स्टेमची पुढची पट्टी) तडकू शकते.