कुठली वाटी, तेवढं सांगा

भाकरतुकडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "मधुमेहींना पथ्य सगळं माहीत असतं, जिभेवर ताबा नसतो इतकंच." डोकंच फिरलं. आईला बारा वर्षं शुगर आहे. पहिल्या डाएट चार्टवर ओट्स आणि ब्रोकोली. आम्ही तेव्हा बार्शीत. ब्रोकोली! दुसऱ्या चार्टवर "१ वाटी भात". कुठली वाटी? आमच्याकडची लग्नाच्या आहेरातली, तिच्यात चार्टवाल्या दोन आरामात मावतात. पुढे वडिलांना शुगर निघाली तेव्हा घरादाराचा भात कमी झाला. आईला निघाली तेव्हा? सगळ्यांचं वाढून झालं की पातेल्याच्या तळाचा भात तिच्याच ताटात. "टाकायचा कशाला!" ही जिभेची हौस म्हणायची का?

खवट: ते "कुणीतरी" म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका. वाटीचं निमित्त बरं सापडलं. आमचे सासरे तपासणीआधी तीन दिवस कारल्याचा रस आणि भाकरीवर. उपाशीपोटीची ११८ आली की येताना पाव किलो जिलबी. एचबीएवनसी साडेनऊ! रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा हिशेब तो, तीन दिवसांत फिरतो होय? आयुष्यभर गणित शिकवलंय त्यांनी, वाटी मोजता येत नाही असं सांगू नका.

तिसरी पाळी: चाकणला कंपनीत आहे. चार्ट म्हणतो रात्री आठच्या आत जेवा. आठला मी झोपेतून उठतो. रात्री दीडला कँटीनमध्ये भात आणि बटाट्याचा रस्सा. खवटसाहेब, डबा तुम्ही पाठवणार का?

निळी शाई: आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३च्या अहवालात देशात १० कोटींवर मधुमेही. त्यांच्याच पाहणीत आपल्या जेवणातले ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असं निघालं. अख्खं घर भात-पोळीवर, आणि एकट्याने काकडी चावत बसायचं. किती दिवस टिकणार?

गोडबोले नव्हे: उगाच अवघड करताय. साखर बंद, सेंद्रिय गूळ चालू. दोन वर्षं गुळाचा चहा पितोय.

खवट: गुळात बहुतांश साखरच असते हो.

गोडबोले नव्हे: लोह असतं. कोल्हापुरी गुळाला जीआय मिळालाय तो काय उगाच?

निळी शाई: अहो, तो जीआय भौगोलिक मानांकनाचा! रक्तात साखर किती झपाट्याने चढते ते सांगणारा जीआय वेगळा.

पंचगंगाकाठ: गुळाला नावं ठेवायचं काम नाही. पुण्यात बसून पिवळाधमक केमिकलचा गूळ खाता आणि आम्हाला शिकवता? एकदा गुऱ्हाळावर या, काकवी चाखा, मग बोला.

खवट: मधुमेहींच्या धाग्यावर काकवीचं आमंत्रण. चालू द्या.

पंचगंगाकाठ: तुम्हाला कोण बोलावतंय?

भाकरतुकडा: धागा पथ्याचा आहे, गुऱ्हाळाचा नाही!!

गोडबोले नव्हे: बरं, गूळ राहू द्या. दीक्षितांचं दोन वेळचं जेवण तरी...

तिसरी पाळी: ते आणू नका. दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की थोडंथोडं खात राहा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ दिवेकर यावरून आमच्या घरच्या ग्रुपमधून दोन आत्या बाहेर पडल्यात. चुलत्यांनी डॉक्टरांना न विचारता सकाळचं खाणं सोडलं, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चालूच. बारा वाजता एसटी स्टँडवर घामाघूम, हात थरथरतायत, जीभ जड. लोक म्हणाले, भरदिवसा पिऊन आलाय. एका कंडक्टरच्या लक्षात आलं, त्याने उसाचा रस पाजला. त्यांनी पथ्य पाळलं नाही असं म्हणाल?

खवट: शेवटी उसानेच वाचवलं. गुळवाले खूश. असो, भाकरतुकडा, तळाच्या भाताचं मान्य. आमच्याकडेही उरलंसुरलं सासूबाईच संपवतात. त्यांची शुगर कधी तपासलीच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण जिलबीबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

भाकरतुकडा: नका घेऊ. सासूबाईंना उद्या सकाळी घेऊन जा. आणि नुसती उपाशीपोटीची नको, जेवणानंतरची पण करा.

गोडबोले नव्हे: जेवणानंतरची म्हणजे गुळाच्या चहाआधी की नंतर?