सनस्क्रीनने त्वचेचे वय रोखले जाते, याचा पुरावा आपल्या वर्णाच्या त्वचेलाही लागू पडतो का?

गोदाकाठ (प्रश्न)

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षे मालट्रक चालवला. मागच्या महिन्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दाढी मी करून देत होते, तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आले की त्यांचा उजवा गाल डाव्या गालापेक्षा पुष्कळ जास्त सुरकुतलेला आणि काळवंडलेला आहे. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी मोहरीएवढे काळे ठिपके दाटीने आहेत, डाव्या बाजूला ते मोजून तीन. खिडकीवर टेकवायचा तो उजवा हातही कोपरापासून मनगटापर्यंत असाच झाला आहे.

त्यानंतर मी थोडे वाचन केले. अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले होते. २८ वर्षांच्या नोकरीत त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू अशीच झाली होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. म्हणजे ऊन हे कारण आहे, हे मला पटले. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रोज सनस्क्रीन लावल्याने हे थांबते, असे कोणी माणसांवर रीतसर प्रयोग करून दाखवले आहे का, की ते केवळ जाहिरातींतून आपल्या माथी मारले जाते? आणि असा प्रयोग झाला असल्यास तो सावळ्या त्वचेवर झाला आहे का? माझे वय ४२ आहे, मी गेली दोन वर्षे एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) ५० चे क्रीम रोज लावते आणि तरीही गालांवर वांग वाढतोच आहे.

नागपूरचा त्वचारोगतज्ज्ञ

आधी वडिलांविषयी. डोळ्याच्या कडेचे ते ठिपके म्हणजे उन्हाने लवचिकता गमावलेल्या त्वचेतील रुंदावलेली, तेल साचलेली छिद्रे असावीत. चालकांमध्ये आणि शेतकऱ्यांमध्ये हे चित्र आम्हाला नेहमी दिसते. या ठिपक्यांनी धोका असा नसतो, परंतु त्यांच्यात एखादी न भरणारी जखम, वाढणारी गाठ किंवा वारंवार रक्त येणारा डाग असेल तर एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. वडील विडी-सिगारेट ओढत होते का, हेही कळवा, कारण तंबाखूनेही हेच घडते.

यामागची प्रक्रिया अशी आहे. सूर्यप्रकाशातील यूव्हीबी किरण मुख्यतः त्वचेच्या वरच्या थरात अडतात आणि त्वचा भाजण्याला तेच प्रामुख्याने जबाबदार असतात. यूव्हीए किरण त्याखालच्या, कोलॅजन या त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जाळ्याने बनलेल्या थरापर्यंत पोहोचतात. त्वचेला किरणांचा मारा बसला की कोलॅजनचे धागे कापणारी विकरे (एन्झाइम) तयार होऊ लागतात, आणि मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवल्याप्रमाणे त्यासाठी त्वचा लाल होण्याइतके ऊनही लागत नाही. म्हणूनच ‘मला ऊन कधी बाधत नाही’ हे वाक्य या बाबतीत निरुपयोगी आहे. ट्रकची पुढची काच दोन थरांची असते आणि ती यूव्हीए बरेचसे अडवते. बाजूच्या काचेची मात्र खात्री देता येत नाही. २०१६ मध्ये २९ मोटारींची मोजणी प्रसिद्ध झाली, तीत पुढच्या काचा सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होत्या, तर बाजूच्या काचा सरासरी ७१ टक्के, आणि त्यांतही काही केवळ ४४ टक्के. आपल्याकडे ती काच बहुधा खालीच असते, हा भाग वेगळा.

प्रयोग झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नंबूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात लोकांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करण्यात आली. निम्म्यांनी एसपीएफ १५ हून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन रोज लावायचे, बाकीच्यांनी आपापल्या मर्जीने. हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्यावरील रेषांची जाळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आली. ५५ वर्षांखालील ९०३ जणांचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वाढत्या वयाची मोजता येईल अशी भर पडली नाही, आणि दुसऱ्या गटाशी तुलना करता त्यांच्यातील वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरले. त्याच प्रयोगात बीटा-कॅरोटीन या गाजरातल्या रंगद्रव्याच्या गोळ्याही तपासल्या होत्या. त्यांचा एकंदरीत काही उपयोग दिसला नाही, हे ‘आतून सौंदर्य’ विकणाऱ्या मंडळींनी सोयीने विसरलेले आहे.

आकडेमोड

डॉक्टरांनी सांगितलेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग त्यातून सुटत नाही. नंबूरचे बहुतेक रहिवासी गोरे होते आणि मोजली गेली ती त्वचेची रेषांची जाळी, डाग नव्हेत. आपल्याकडे सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात आणि त्याआधी रंग विषम होतो. त्यामुळे सुरकुत्यांसाठी मिळालेला पुरावा वांगाला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही.

वांगाच्या बाबतीत दुसरेच संशोधन पाहावे लागते. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवले की डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही सावळ्या त्वचेत गडद आणि टिकून राहणारा काळेपणा आणतो. त्याच प्रकाशाने गोऱ्या त्वचेत मात्र तसे काही घडले नाही. पारदर्शक सनस्क्रीन, मग त्याचा एसपीएफ ५० असो वा १००, हा प्रकाश जवळजवळ अडवतच नाही. तो अडवण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे रंगद्रव्य असलेले, म्हणजे त्वचेच्या रंगाचे दिसणारे क्रीम लागते. मेक्सिकोत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात वांगाच्या रुग्णांना एकच औषध देऊन दोन प्रकारची सनस्क्रीन तपासली, तेव्हा असे रंगीत सनस्क्रीन वापरणाऱ्यांना अधिक फायदा झाला. साठेक माणसे, आठ आठवडे. पुरावा लहान आहे, पण तो आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे.

आणखी एक विचारतो. गोदाकाठताई, तुमची ५० ग्रॅमची ट्यूब किती दिवस पुरते?

गोदाकाठ

वडिलांनी पंचवीस वर्षे विड्या ओढल्या, त्यामुळे सगळा दोष उन्हावर ढकलता येईल का, अशी शंका आता मला येते आहे. ट्यूब साधारण सहा महिने जाते. मी काटकसरीने वापरते.

आकडेमोड

विडीची शंका योग्य आहे, पण विडीचा धूर रक्तातून दोन्ही गालांना सारखाच पोहोचतो. उजव्या आणि डाव्या गालात जो फरक आहे, त्याचा हिशेब मुख्यतः उन्हालाच द्यावा लागेल. दोन्ही गालांवर जे समान आहे, त्यात वय, विडी आणि आनुवंशिकता यांचा वाटा शोधा. याच कारणाने त्या अमेरिकन चालकाचे एकच छायाचित्र इतके बोलके ठरले: वय तेच, माणूस तोच, फक्त खिडकीची बाजू वेगळी. घरच्या घरी पडताळायचे असेल तर वडिलांच्या दंडाची काखेकडची त्वचा मनगटाशेजारी धरून पाहा. ती त्वचाही तेवढ्याच वर्षांची आहे.

ट्यूबचे गणित मात्र तुमच्या विरुद्ध जाते. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर. चेहरा आणि गळा मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेस १.२ ग्रॅम क्रीम लागते, म्हणजे दिवसातून एकदाच लावले तरी ती ट्यूब चाळीस-एकेचाळीस दिवसांत संपायला हवी. तुम्ही पाव भागाहून कमी लावता आहात. डबीवर ५० लिहिलेले असले तरी तुमच्या गालावर तेवढे संरक्षण नाही. एसपीएफ ३० आणि ५० यांच्यात यूव्हीबी अडवण्याचा फरक जेमतेम एक टक्का आहे, ९७ आणि ९८. त्या एका टक्क्यासाठी पैसे मोजून पाऊण क्रीम न लावणे हा व्यवहार मला समजत नाही.

द्राक्षबाग, निफाड

हे सगळे बरोबर असेल, तरी सनस्क्रीनबरोबर नेहमी दिला जाणारा ‘दर दोन तासांनी पुन्हा लावा’ हा सल्ला सावलीत बसणाऱ्यांसाठी लिहिलेला दिसतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी चालते, बाया सकाळपासून बागेत असतात आणि घामाने तासाभरात क्रीम डोळ्यांत उतरते. त्या साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी आवळून बांधतात. पुण्याच्या मुली गाडीवर सनकोट आणि स्कार्फ घालतात, त्याला लोक हसतात, पण मला त्यात शहाणपण दिसते. एवढे कापड पुरेसे असते का, आणि सुती कापडातून ऊन किती आत येते? गोदाकाठताईंच्या वडिलांनाही क्रीमपेक्षा हेच मानवेल, असा माझा अंदाज आहे.

नागपूरचा त्वचारोगतज्ज्ञ

अंदाज बरोबर आहे, आणि खरे तर कापड आणि सावली यांचा क्रमांक क्रीमच्या आधीच लागतो. कापड उजेडासमोर धरून पाहावे. त्यातून बारीक छिद्रांचा उजेड जितका दिसेल, तितके किरणही आत येतील. पातळ पांढरे सुती कापड कमी अडवते आणि घामाने भिजले की आणखी कमी. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड चांगले. तोंडावरची ओढणी दोन पदरी असावी. वेळेसाठी घड्याळ पाहण्याची गरज नाही: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन तीव्र आहे असे समजावे. नाशिक भागात एप्रिलच्या मध्यास हा काळ साधारण साडेनऊ ते साडेतीन असा येतो. डोळ्यांभोवतीचा जो भाग ओढणीबाहेर राहतो, तिथे पुढे छज्जा असलेली टोपी लागते. क्रीम परवडत असेल तर ते फक्त तेवढ्या उघड्या भागाला, पण भरपूर लावावे.

गोदाकाठताई, तुम्ही रंगीत सनस्क्रीनकडे वळा, पण वांगावर दुकानातून परस्पर ‘गोरेपणाचे’ मलम आणू नका. त्यांतल्या पुष्कळांत स्टिरॉइड असते, काही आठवडे चेहरा उजळ दिसतो आणि नंतर त्वचा पातळ होऊन लाल पडते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण वांगाशी त्यांचा संबंध असतो.

गोदाकाठ

गोळ्या चालू नाहीत. वडिलांना रात्री दंड आणि मनगट शेजारी धरायला लावले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले की मग बाहेर हात काढायचा नसतो हे कोणी आधी का सांगितले नाही. क्रीमला त्यांनी साफ नकार दिला आहे, जुने निळे उपरणे मात्र उजेडासमोर धरून झाले. विरळ निघाले, म्हणून आता ते दुहेरी करून वापरतात.