जुनं इंजिन राखायचं की बॅटरीवर जायचं? नाशिककरांचे अनुभव

जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हल्ली हे ऐकावं लागतं: "एवढ्या पैशांत इलेक्ट्रिक आली असती की!" हिशेब खोटा नाही. पत्र्याचं काम, रंग, इंजिनचं बोअर, क्रोम, सीट हे सगळं नीट करायचं तर खर्च नव्या छोट्या गाडीच्या किमतीकडे सरकतो. तरी वडिलांची १९७० ची फियाट ११०० मी विकलेली नाही, आणि रोजच्या कामांना आता इलेक्ट्रिक वापरते. माझं मत आधीच सांगते. इलेक्ट्रिकमुळे जुनी गाडी संपत नाही, उलट रोजच्या झिजेतून सुटते. ती संपते उभी राहून, आणि तिला हात लावणारा माणूस उरला नाही म्हणजे. तुमचं काय मत आहे? पेट्रोल, कागदपत्रं, घाट, घरातली भांडणं, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणी १० वर्षांची. मी ती घेतली नाही. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची मुभा असते, रोजच्या वापराची नाही. मला रविवारी आईला घेऊन त्र्यंबकला जायचं असतं. म्हणून दर पाच वर्षांनी साधं पासिंग करून घेते, पर्यावरण करही भरते.

पेट्रोलचं मात्र मनावर घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेलेच नव्हते. रबर फुगतं, मग चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर टाकी आतून गंजते. मी सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे टाकून घेतले आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, किंचित मोठा केला. आलेली उत्तरं खाली देते.

सातपूर, निवृत्त कामगार

माझं सगळं आयुष्य डिझेल नोझलवर गेलं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर. नाशिकची मुलं 'मायको सर्कल' म्हणतात, पण ज्या मायको (आता बॉश) कारखान्याचं ते नाव, तिथे काय बनत आलंय ते कितीजणांना माहीत असतं? नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात फट दोन-तीन मायक्रॉनची. हाताच्या उबेनेसुद्धा माप बदलतं, म्हणून मोजायची खोली एका तापमानाला ठेवतात. त्या सुईवर या गावातल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या. इलेक्ट्रिक गाडीत नोझल नाही, पंप नाही, पिस्टन नाही. मुलाने इलेक्ट्रिक घेतली तेव्हा मी त्याला अडवलं नाही, गाडी छानच आहे, आवाज नाही, धूर नाही. पण रात्री झोप लागली नाही, हे लिहिलंच पाहिजे. नव्या पोरांनी मोटर वाइंडिंग, कंट्रोलर, बॅटरीचं काम शिकावं. मायक्रॉनची शिस्त तिथेही लागेलच.

इंदिरानगर, नाशिक–मुंबई सतत प्रवास

माझ्याकडे ३०.२ युनिटच्या बॅटरीची टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन आहे. कागदावर ३१२ किलोमीटर, माझ्या हाताखाली साधारण २०० च्या आसपास. लोक विचारतात, घाटात काय होतं? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. दीड टनाची गाडी एवढी उंच चढवायला गणिताने अडीच युनिट जास्तीची लागतात. म्हणून जाताना मुंबई जवळ वाटते आणि परतताना कसाऱ्याआधी चार्ज करून घ्यावं हे बरं. उतरताना मात्र ब्रेकला पाय कमीच लागतो, मोटरच जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. जून २०२५ मध्ये इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धीनेही जाता येतं, कसारा घाट टळतो, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात तिथे इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. माझा जुन्या गाड्यांवर राग नाही. पण आजोबांची अ‍ॅम्बेसेडर चढात तापायची, बॉनेट उघडून थांबायचो, ते मला पुन्हा नको.

निफाड, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडे एमएम ५४० जीप आहे, प्यूजोच्या डिझेल इंजिनाची. खोड, तारा, औषधाचे कॅन, माणसं, सगळं तिने ओढलं. मागच्या हंगामानंतर ती पूर्ण उघडली. चासीला गंज, फ्लोअर खाल्लेलं. पुट्टी भरून रंग मारायला तयार असलेले खूप भेटले. पत्रा कापून नवा जोडणारा एकच म्हातारा कारागीर सापडला, तोही ओझरकडे. एकाने सुचवलं, इंजिन काढा, मोटर टाका. चौकशी केली. किट मान्यताप्राप्त पाहिजे, आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलायला पाहिजे, आणि बॅटरीचं वजन बसवायचं कुठे हा वेगळाच प्रश्न. नाही केलं. दादा म्हणाले, "इंजिन बदललं तर ती आपली जीप राहील का रे?" मला ते पटलं. शहरात जायला सून इलेक्ट्रिक वापरते, घरावरच्या सोलरवर दिवसा चार्ज होते. बागेत जीपच.

देवळाली कॅम्प

कॉन्टेसा आहे, विकणार नाही. एवढंच.

अंबड, गॅरेज

मी तिशीतला आहे आणि दोन्ही कामं करतो, म्हणून लिहितो. इलेक्ट्रिकमध्ये सस्पेन्शन, ब्रेक, टायर, एसी हे बाहेर होतं. बॅटरी पॅक आणि सॉफ्टवेअर कंपनीच्याच हातात असतं, लॅपटॉप आणि परवानगी नसेल तर आम्ही झाकणही उघडत नाही. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण न घेता कुणी उघडूही नये, जीव जातो. जुन्या गाडीत उलट आहे. इग्निशनचे पॉइंट घासले, फिलर गेजच्या पातळ पट्टीने फट लावली, टायमिंग कानाने ऐकलं, गाडी सुरू झाली. पण हे शिकवणारे उस्ताद आता सत्तरीत आहेत आणि शिकायला कुणी येत नाही. पार्टसाठी कुर्ल्याला जाता येतं, हात कुठून आणणार? हात लावणारा माणूस उरला नाही की गाडी संपते, हे वर फियाटवाल्या ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. गाडी घेण्याआधी तिचा मेकॅनिक कोण ते ठरवा.

माझे उस्ताद दर शनिवारी दुपारी गॅरेजवर असतात. फियाटचं कार्बोरेटर उघडून परत बसवायला शिकायचं असेल तर या, पैसे नाहीत. मुली आल्या तर जास्त आनंद. जुने कपडे घाला.