मुरमाच्या ट्रॅकवर गाड्यांचे गट कसे पाडावे? सीसीवर पाडले त भांडणं झाले

दारव्ह्याचा_आठशेवाला
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा, दिग्रस, आर्णीकडचे गाडीवेडे मिळून मागच्या फेब्रुवारीत टाईम ट्रायल घेतली. म्हणजे रेस नाही, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. जागा एका बंद पडलेल्या जिनिंगचं मागचं आवार, मुरूम टाकून रोलर फिरवला, ९०० मीटरचा फेरा, प्लास्टिकचे कोन (शंकू) ठेवून चौदा वळणं, चांगला चालवणारा सत्तर सेकंदाच्या आसपास येते. लय मजा आली, बक्षीस वाटेपर्यंत.

आम्ही गट पाडले होते सीसीवर. १००० पर्यंत एक, १००० ते १३०० दुसरा, त्याच्या वर तिसरा. आता माझी गाडी जुनी मारुती ८००, ७९६ सीसी, कागदावर ३७ एचपी, न् माझ्याच गटात एक भाऊ आला बलेनो आरएस घेऊन. ९९८ सीसी म्हणजे नियमात बसते, पण ते टर्बो आहे (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवते) न् १०२ पीएस आहे, पीएस म्हणजे जवळपास एचपीच! मी माझ्या गाडीची पूर्ण पिळवणूक करून ७९ सेकंद काढले, तो एका हातानं चालवून ७१ मध्ये आला न् कप घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही, चुकलं आमचं. दुसऱ्या गटातही तेच, पेट्रोल स्विफ्ट, डिझेल स्विफ्ट, जिप्सी, एस्टीम सगळ्या एकाच टोपल्यात. जिप्सीवाल्यानं फोर बाय फोर (चारही चाकांले जोर) टाकून वळणावर सगळ्यायले मागे टाकलं त एस्टीमवाला अजून बोलत नाही त्याच्याशी.

यावर्षी २७ नावं आली आहे. एक जण म्हणते नऊ गट करू, म्हणजे कोणाची कुरकूर नाही. मले ते काही पटून नाही राह्यलं पण दुसरं सुचत बी नाही. डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) आपल्याकडे नाही, पैसे बी नाही. कोणी असं केलं असन त सांगा.

मुरूमकिंग
सत्तावीस गाड्या न् नऊ गट म्हणजे गटात तीन, न् कप बी तीन. मंग गाड्या कायले पळवता, कुरिअरनं घरी पाठवून द्या ना कप. डिझेल तरी वाचन.

नागपूरकर_पुण्यात
मुरूमकिंगशी सहमत, हसण्यावारी नेऊ नका. गटात पाच-सहा गाड्या नसतील तर तो गट काढूच नका, वरच्या गटात मिसळा. २७ गाड्यांना चार गट खूप झाले.

सीसीचं म्हणाल तर मोठ्या स्पर्धांमध्ये हा घोळ फार जुना आहे आणि त्यावर उपायही जुना आहे. एफआयएच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमात पेट्रोल टर्बोची सीसी १.७ ने गुणतात आणि डिझेल टर्बोची १.५ ने. म्हणजे तुमच्या बलेनो आरएसची ९९८ सीसी धरायची जवळपास १६९७, ती तुमच्या आठशेच्या गटात येऊच शकली नसती. डिझेल स्विफ्ट १२४८ ची होते १८७२. एवढं एक केलंत तरी निम्मी भांडणं जातील.

पण मला विचाराल तर सीसी सोडा आणि वजन भागिले पॉवर धरा. ड्रायव्हरसकट गाडीचं वजन किलोत, त्याला कंपनीच्या पीएसने भागायचं, जितका आकडा लहान तितकी गाडी तेज. ड्रायव्हर ७० किलोचा धरून मी साधारण हिशोब मांडला. मारुती ८०० चे येतात १९ च्या पुढे, अल्टो ८०० सोळाच्या जवळ, जिप्सी तेराच्या आसपास, पेट्रोल स्विफ्ट (८३ पीएसवाली) ११ च्या थोडं वर, बलेनो आरएस १०, जुनी होंडा सिटी (आयव्हीटेक) दहाच्या जरा आत. बघा, कागदावरच गाड्या आपोआप वेगळ्या झाल्या.

इथे एक गंमत आहे. पोलो जीटी टीएसआय (१०५ पीएस) पण अकराच्या आसपासच येते, स्विफ्टला खेटून. पण तिचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) १७५ न्यूटन मीटर आणि स्विफ्टचा ११३. चौदा वळणांच्या फेऱ्यात गाडी सारखी वळणातून उचलावी लागते, तिथे कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क कामाला येतो, ती कमाल पॉवर तुम्ही एखाद्या सरळ पट्टीवर दोन सेकंद वापरता फक्त. डिझेल स्विफ्ट तर या हिशोबात पंधरावर जाते, अल्टोच्या शेजारी, १९० न्यूटन मीटर घेऊन! म्हणून टर्बो असेल तर, पेट्रोल असो की डिझेल, एक गट वर, म्हणजे जास्त तेज गाड्यांच्या गटात, ढकला. सोपा नियम आहे, कोणालाही चावडीवर समजावून सांगता येतो.

अमेरिकेत एससीसीए नावाच्या मोटार क्लबच्या सोलो स्पर्धांमध्ये (कोनमधून एकेक गाडी घड्याळावर) पॅक्स म्हणून प्रकार आहे, प्रत्येक गटाला एक गुणक, तुमचा वेळ त्याने गुणायचा आणि मग सगळ्यांची एकच यादी लावायची. ऐकायला भारी वाटतं पण ते गुणक शेकडो गाड्यांच्या निकालांवरून काढलेले असतात. २७ गाड्यांवर तुम्ही काढाल तर तो अंदाजपंचे होईल आणि ज्याने काढला त्याच्याच गाडीला तो धार्जिणा निघेल.

काटा_ऑपरेटर
मी बाजार समितीच्या बाजूच्या धर्मकाट्यावर बसतो त माझं ऐका. कंपनीच्या कागदावरचं वजन धरू नका. तीच स्विफ्ट एकाची रिकामी येते, दुसऱ्याच्या डिक्कीत स्टेपनी, जॅक, दोन पाण्याच्या कॅन न् फवारणीचा पंप राह्यते. सीएनजीवाल्याच्या मागे सिलिंडर. धर्मकाट्यावर ड्रायव्हर बसून गाडी चढवा, पावती काढा, पावतीवर गाडी नंबर येतेच. आमचा काटा दहा किलोच्या टप्प्यानं दाखवते म्हणून ९.९ न् १०.१ असे काटेकोर गट पाडू नका, दहा किलोवरून कोणी कोर्टात जाईन. गटाच्या मधात मोकळी जागा ठेवा.

पण खरी गोष्ट पुढं आहे. वजन जास्त दाखवलं की तुमचा आकडा मोठा होते न् तुम्ही खालच्या, सोप्या गटात जाता. म्हणजे सकाळी काट्यावर येताना डिक्कीत ढेपेचे दोन पोते टाकायचे, पावती घ्यायची न् ट्रॅकवर येता येता उतरवून टाकायचे. हसू नका, आपल्याकडं कापसावर पाणी मारून काट्यावर आणणारे कमी आहे काय? मी वीस वर्षं तेच पाहून राह्यलो. उपाय एकच, फेरी झाल्यावर पहिले तीन नंबर सरळ काट्यावर. मधात कुठं थांबायचं नाही, सोबत एक माणूस गाडीत बसवा. पावती कमी आली त निकाल रद्द. कापसात बी वाहन भरलेलं मोजतो न् रिकामं मोजतो, तसंच आहे हे.

आर्णीचा_डिझेलवाला
टर्बो एक गट वर हे मले मंजूर नाही. माझी डिझेल स्विफ्ट पेट्रोलपेक्षा जड आहे, सगळं वजन नाकावर, मुरमावर वळवता वळवता नाक सरळच जाते. अन वर ढकलून मले सिटीवाल्यासोबत पळवणार काय?

नागपूरकर_पुण्यात
भाऊ रागावू नका, एक गट वर म्हणजे तुम्ही पेट्रोल स्विफ्टच्या गटात येता, सिटीच्या नाही. मागच्या वर्षी तुम्ही पेट्रोल स्विफ्टला हरवलं होतं की नाही ते इथेच सांगा.

आर्णीचा_डिझेलवाला
अर्ध्या सेकंदानं. पण ते रिमॅप होतं गाडीत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली होती.

मुरूमकिंग
🤣🤣 घ्या, सगळ्यायच्या समोर कबूल केलं

हिंगणघाटची_स्विफ्ट
रिमॅप कसं पकडणार हे सांगा आधी. बोनेट उघडून दिसत नाही, डायनो नाही. माझं म्हणणं, पकडायच्या मागे लागूच नका. स्वतःच्या सहीनं लिहून घ्या की गाडीत काय काय बदललं, रिमॅप, फिल्टर, सायलेन्सर, सस्पेन्शन, टायर. इंजिनाचं काही बदललं असेल तर एक गट वर. खोटं लिहिलं आणि नंतर कळलं तर पुढच्या वर्षी एन्ट्री नाही. गावात सगळ्यांना सगळं कळतंच, गॅरेजवाला कोणाच्या पोटात गोष्ट राहू देतो का.

टायरचं कोणी बोललंच नाही. डांबरावर ट्रेडवेअरचा (टायर किती लवकर झिजतो त्याचा) आकडा बघतात, टायरच्या बाजूला छापलेला असतो, २०० च्या खालचे चिकट म्हणून वेगळे काढतात. मुरमावर त्या आकड्याचा उपयोग नाही, तिथे खाचा किती खोल आणि कशा ते महत्त्वाचं. रॅलीचे टायर घालून आला तो सरळ वरच्या गटात, मग गाडी अल्टो का असेना. मागच्या वर्षी मी पाहिलं आहे, टायरनं दोन-तीन सेकंद सहज जातात, दहा पीएसनं एवढे जात नाहीत.

आणि दुसरं, नंबर कधी लागतो त्यावर पण खूप आहे. पहिल्या पाच-सहा गाड्या सुटा मुरूम झाडत जातात, मागच्याला घट्ट जागा मिळते, रॅलीत पहिली गाडी रस्ता झाडते म्हणतात तेच. मग दुपारनंतर उलटं होतं, वळणांवर खड्डे पडतात आणि धूळ उडते. म्हणून एक गट सकाळी आणि एक दुपारी असं करा, पण एकाच गटातल्या गाड्या लागोपाठच सोडा. तीन फेऱ्या, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, सगळ्यात चांगली एक धरायची. कोनला धक्का लागला की दोन सेकंद वाढवा, एससीसीएत पण दोनच आहेत, पुरतात. आणि स्टॉपवॉच बंद करा हो! माणसाच्या बोटाला दाबायलाच ०.२ सेकंद लागतात. ०.१५ च्या फरकानं कप गेला तर तो बोटानं नेला, गाडीनं नाही. शंकरपटाच्या (बैलजोड्यांच्या शर्यतीच्या) सेन्सरवाल्याला बोलवा.

जाता जाता, यादीत ‘लेडीज गट’ दिसला. मी एकटीच आहे त्यात. माझी गाडी काट्यावर चढवा आणि जिथे बसेल तिथे टाका, एकटीनं पळून पहिला नंबर आणायला मला काही शौक नाही.

पटशौकीन
तळेगाव दशासरचा शंकरपट पाह्यला असन त सांगतो. २०१४ ले पट बंद झाले तेव्हापासून आम्ही बोलेरोकडं वळलो, मंग डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटी घालून परवानगी देल्ली न् २०२३ च्या मे मध्ये घटनापीठानं पक्कं केलं, तवापासून दोन्ही शौक चालू आहे. पटात कोणी बैलाचं वजन करत नाही. आमच्याइकडे जनरल गट राह्यते न् गावगट वेगळा राह्यते, गावातल्या जोडीले बाहेरच्या नावाजलेल्या जोडीसोबत नाही लावत. तुमच्याकडं बी गाडीपेक्षा माणसाचाच फरक मोठा आहे. तो बलेनोवाला आठशेत बसला असता त तुमच्यापेक्षा चार सेकंद आधी आला असता, लिहून देतो.

म्हणून नवख्यायचा एक गट करा. याआधी दोनपेक्षा कमी वेळा पळाला तो नवखा, गाडी कोणतीही. बाकीच्यायले सकाळच्या पहिल्या फेरीच्या वेळेवर गटात टाका, ६८ ते ७२, ७२ ते ७६ असं. गाडी, टायर, रिमॅप, ड्रायव्हर सगळं त्या एका आकड्यात येऊन जाते. काटा बी नाही लागत.

काटा_ऑपरेटर
न् सकाळच्या फेरीत मुद्दाम हळू चालवून खालच्या गटात जाऊन बसले त?

पटशौकीन
त्याले तोड आहे. ७२ ते ७६ च्या गटात बसून दुपारी ७१ काढले की तो आपोआप वरच्या गटात गेला, न् तिथं त्याच वेळेत मोजायचं. सोंग केलं त सोंगातच राहा, ७२ च्या खाली येऊ नका.

नागपूरकर_पुण्यात
हे चांगलं आहे, ड्रॅग रेसमध्ये याला ब्रेकआउट म्हणतात. पण एक अडचण सांगतो, यात जिंकायला गाडी ७२.१ ला आणून थांबवावी लागते, म्हणजे सगळे घड्याळाशी खेळत बसतात. जीव तोडून चालवण्यात जी मजा आहे ती जाते. नवख्यांच्या गटापुरतं वापरा हवं तर.

पटशौकीन
हे मात्र खरं. बैलाले ७२.१ कळत नाही, माणसाले कळते.

वणीचा_वकिली_न_शिकलेला
गट पाडता पाडता कागदपत्र विसरू नका. रस्त्यावर एक फेरीही सराव म्हणून मारू नका, सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय वेगाची स्पर्धा म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खाजगी आवार असलं तरी ठाण्यात लेखी कळवा, ॲम्ब्युलन्स उभी ठेवा. आणि सगळ्यांना आधीच सांगा, साध्या गाडीच्या विम्यात स्पर्धा आणि वेगाची चाचणी बसत नाही, ठोकली तर स्वतःच्या खिशातून. सीएनजीवाल्यांना माझ्या मते पेट्रोलवरच पळवा आणि सिलिंडरची तपासणीची तारीख बघितल्याशिवाय आत सोडू नका.

दारव्ह्याचा_आठशेवाला
सगळ्यायचे आभार, रात्री बसून कागदावर मांडलं. असं ठरवलं:

ड्रायव्हरसकट वजन काट्यावर, कंपनीच्या पीएसनं भागायचं. १४ च्या वर एक गट, ११ ते १४ दुसरा, ११ च्या खाली तिसरा. टर्बो असो, इंजिनात बदल असो, रॅलीचे टायर असो, एक गट वर. दोन गोष्टी असल्या तरी एकच गट वर, नाहीतर आर्णीवाले भाऊ येणारच नाही. सीमेवर वीस-तीस किलोनं अडकला त त्याले विचारायचं कोणत्या गटात जातो, पण ठरवलं की बदलायचं नाही. चौथा गट नवख्यायचा. फोर बाय फोर मुरमावर वापरायचं नाही, ट्रान्सफर केस (फोर बाय फोरचा गिअर) टू-व्हीलवर ठेवायची न् जिप्सीवाला ११ ते १४ मध्ये पळन. लेडीज गट खोडला. सेन्सरवाल्याले फोन केला, तो दोन हजार न् जेवण म्हणते.

एकच राह्यलं. एका भावानं बोलेरो पिकअप टाकली आहे यादीत, विचारते डाला रिकामा ठेवू का भरून आणू.

काटा_ऑपरेटर
त्याले म्हणा रिकामा घेऊन ये, न् येताना माझ्याकडून येजो. गुरुवारी गर्दी नसते, सकाळी नऊच्या आत पंधरा गाड्या उरकवतो. पावतीचे पैसे मात्र प्रत्येकानं आपले आपले द्यायचे.