मदत हवी आहे: गंटर्सव्हिलवर लागोपाठ तीन बास मासेमारी स्पर्धांत पाच माशांचा कोटा भरत नाही

अलाबामातलं गंटर्सव्हिल सरोवर, जूनअखेर. स्पर्धेत मर्यादा पाच माशांची, लार्जमाउथ (बासची एक जात) किमान 15 इंच. वजनकाट्यावर दोन-तीनच जातायत.

सरावात जुन्या नदीपात्राच्या कडेला, 15 ते 18 फुटांवर, खोल जाणाऱ्या क्रँकबेटला (ओढलं की बुडी मारणारं माशाच्या आकाराचं कडक नकली आमिष) मासे धडाधड लागतात. स्पर्धेच्या दिवशी त्याच कडेवर माशांचा थवा सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) दिसतो, पण तळ सोडून वर तरंगतो आणि आमिषाला तोंड लावत नाही. धरणातून पाणी सोडणं थांबलं की प्रवाह मंदावतो, त्याचाच हा परिणाम, इतपत उलगडलंय. त्यात जे लागतात तेही बोटीजवळ उसळून सुटतात. कडक ग्रॅफाइट रॉडमुळे तिहेरी गळ ओठ फाडून निघतो; लवचीक फायबरग्लासचा रॉड घेतल्यापासून ते बरंच कमी झालंय.

अडलंय ते निर्णयावर. प्रवाह नसताना थव्यावरच थांबून पाव औंस शिसं आणि 8 पौंडी फ्लुरोकार्बन दोरीचा ड्रॉपशॉट (खाली शिसं, त्याच्या वर गळ) टाकावा, की 65 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि एक औंस टंगस्टनचं वजन घेऊन हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दाट गवतात शिरावं? आणि दोन मासे हाती, दोन तास बाकी, अशा वेळी किती फेकी रिकाम्या गेल्यावर जागा सोडता? नेमका आकडा सांगा.